जिवलग मित्राला ३७व्या वर्षी अ‍ॅस्पर्जर निघालं. मी नेमकं काय करू?

रूम_नंबर_२७ · १८ मे, रात्री ११:२०

इथे वाचक म्हणून बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कराडला इंजिनिअरिंगला असताना चार वर्षं एका खोलीत काढलेला माझा मित्र. म्हणजे ओळख एकोणीस वर्षांची. हॉस्टेलवर त्याला आम्ही 'टाइमटेबल' नाव पाडलं होतं, कारण एसटीचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ. कुणाला गावी जायचं असलं की स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत जायचंच नाही, याला विचारायचं. खिडकीतला माणूस वसकन अंगावर यायचा, हा कधी नाही. उलट तुम्ही विचारलं नसेल तेही सांगायचा. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेली, एशियाड गाड्यांना एशियाड का म्हणतात, सगळं.

फेब्रुवारीत त्याच्या बहिणीच्या मुलाची कोल्हापुरात तपासणी झाली. पोरगा पाच वर्षांचा, ऑटिझम निघाला. डॉक्टर प्रश्न विचारत होते, बहीण मुलाबद्दल उत्तरं देत होती आणि मनात म्हणत होती, अरे हा तर दादा. रात्री तिने याला फोन करून तसं सांगितलं. हा तीन आठवडे नुसता वाचत बसला, मग पुण्यात एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे गेला. चार बैठका झाल्या. तिसरीला काकूंना इस्लामपूरहून बोलावलं, लहानपणचं विचारायला. काकूंनी येताना शाळेची प्रगतिपुस्तकं आणली होती. पाचवी ते दहावी, शेरा एकच: 'हुशार आहे, पण मिसळत नाही.'

रिपोर्टात 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १' असं लिहिलंय. बाई तोंडी म्हणाल्या की पूर्वी याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचे. त्याला तोच शब्द पटला, म्हणून मीही तोच वापरतोय.

आता माझं सांगतो. ९ मेला रात्री ११:४०ला त्याने मला पीडीएफ पाठवली. खाली एवढंच: 'वाच. १४ पानं आहेत. पान ९ महत्त्वाचं.' मी पहिलं पान उघडलं, छातीत धस्स झालं आणि लिहिलं, 'अरे तू तसा अजिबात वाटत नाहीस! आमच्यासाठी तू तोच आहेस. टेन्शन नको घेऊ.' त्याचं उत्तर आलं: 'पान ९ वाचलंस का?' मी अंगठा टाकला. वाचलं नव्हतं.

त्यानंतर नऊ दिवस झाले, त्याचं अक्षर नाही.

पान ९ मी काल वाचलं. त्यात माझं लग्न आहे. 'मित्राच्या लग्नात (२०१९) आवाज असह्य झाल्याने सुमारे दीड तास पार्किंगमध्ये बसले. याबद्दल अजूनही अपराधी वाटते.'

लग्न सांगलीजवळच्या एका कार्यालयात होतं. बाहेर डॉल्बी, आत माइकवर मंगलाष्टकं. अंतरपाटामागे उभा राहून मी मान वळवून बघतोय, हा गायब. पंगतीच्या वेळी माझ्या मावसभावाला सापडला: पार्किंगमध्ये अ‍ॅक्टिव्हावर, गाडी स्टँडला लावलेली, अंगात नवा कुर्ता आणि डोक्यात हेल्मेट. त्याने फोटो काढला. तो फोटो दर लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या ग्रुपवर फिरतो. सहा वर्षं. दर वेळी हासुद्धा हसणारा चेहरा पाठवतो. आणि मी त्याला सुनावलेलंही आहे, चार माणसांत, की माझ्या लग्नापेक्षा तुला पार्किंग महत्त्वाचं. हेल्मेट कानांसाठी होतं हे सहा वर्षांत माझ्या टाळक्यात आलं नाही.

माफी मागायची आहे, कशी मागू? चेष्टा बंद करू का? टाइमटेबल म्हणणं सोडू? ग्रुपवरच्या बाकी दोघांना मी सांगितलं तर चालेल का? बायको म्हणते त्याला थोडा मोकळा सोड, पण मोकळं सोडायचं आणि वाऱ्यावर सोडायचं यातला फरक मला नीट कळत नाहीये.

सदाशिव_काका · १९ मे, सकाळी ६:०५

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. ३१ वर्षं एकाच खुर्चीवर, डबा एकाच वेळेला, कुणाशी चहालासुद्धा नाही. हिशेबात मात्र पैची चूक नसायची. आम्ही विक्षिप्त म्हणायचो, कुणी रिपोर्ट काढला नाही, सगळं व्यवस्थित चाललं. आता प्रत्येकाला काहीतरी इंग्रजी नाव लागतं. मित्राला चहाला घेऊन जा, पाठीवर थाप मारा, विषय संपला.

उशिरा_कळलेली · १९ मे, सकाळी १०:४०

काका, तुमचं चाललं. त्यांचं कसं चाललं होतं ते कुणी विचारलं होतं का? आणि पाठीवर थाप नको. न सांगता कुणी हात लावला की मला दिवसभर ती जागा जाणवत राहते.

धागाकर्ते, मी नाशिकची, वय ४३. मला ४१व्या वर्षी कळलं. म्हणून थोडं अधिकाराने सांगते.

पहिलं म्हणजे शीर्षक. 'निघालं' म्हणू नका. डायबेटिस निघतो, किडनीत खडा निघतो. हे पहिल्या दिवसापासून होतं, नाव आत्ता कळलं.

'तू तसा वाटत नाहीस' हे तुम्ही कौतुक म्हणून लिहिलंत हे मला कळतं. त्याने काय वाचलं असेल ते सांगते. तसा वाटू नये म्हणून तो सदतीस वर्षं राबलाय. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं ते मोजायचं, हसायचं कधी ते इतरांकडे बघून ठरवायचं, फोन करण्याआधी वाक्यं वहीत लिहायची. मी कॉलेजात अशी वही ठेवायचे. घरी आल्यावर अंधार करून दोन तास पडून राहायचे, आईला वाटायचं पोरगी आळशी. आता त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा पडदा उघडला, १४ पानं दाखवली, आणि तुम्ही म्हणालात, छे छे, पडदाच छान आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर मला आधी हलकं वाटलं. मग आठ-दहा दिवसांनी राग आला. नंतर नुसती जुनी रिळं फिरायला लागली. चौथीतली सहल, पहिल्या नोकरीतला निरोपसमारंभ, मोडलेलं एक लग्न. प्रत्येक प्रसंग नव्याने बघायचा, या खेपेला उत्तर माहीत असताना. त्याचंही आत्ता हेच चालू असणार. नऊ दिवस गप्प म्हणजे रुसलाय असं धरू नका.

माफीचं: फोन करू नका, भेटायला धडकू नका. लिहा. त्याने तुम्हाला सरळ प्रश्न विचारलाय, 'पान ९ वाचलंस का?' आधी त्याचं खरं उत्तर द्या. मग काय चुकलं ते एका वाक्यात. 'टेन्शन नको घेऊ', 'मी आहे ना', 'काही लागलं तर सांग' यांतलं काहीही नको. काही लागलं तर सांग म्हणजे काय सांगायचं, कधी, किती? मला हे वाक्य ऐकलं की परीक्षेचा पेपर हातात आल्यासारखं होतं. त्यापेक्षा 'शनिवारी ११ वाजता तुझ्याकडे येऊ का, मी एकटाच, तासभर बसेन' हे शंभरपट बरं. तो नाही म्हणाला तर नाही.

बाकी दोघांना सांगायचं की नाही हा प्रश्न इथे आम्हाला विचारलात, त्याला विचारा. टोपणनावाचंही तेच.

एक गंभीर गोष्ट. उशिरा कळलेल्यांमध्ये नैराश्य बरंच आढळतं, मीही त्यातून गेले आहे. झोप उडाली, जेवण सुटलं, 'कशाला जगायचं' असलं काही कानावर आलं तर मोकळं सोडणं वगैरे बाजूला ठेवा आणि त्याला सरळ विचारा. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. फोनवर बोलणं त्याला जमणार नाही, लावून तुम्हाला द्यावा लागेल.

ठाण्याची_आई · १९ मे, दुपारी ३:१५

वरच्या ताईंना नमस्कार. तुमची वही वाचून डोळे भरले.

माझा मुलगा १७चा. सोपं काहीतरी सांगते. आमच्याकडे गेली बारा वर्षं मी मिक्सर लावायच्या आधी मोठ्याने म्हणते, "मिक्सर लावतेय." तो दार लावून घेतो किंवा कान झाकतो. कधी म्हणतो, "थांब, हे संपू दे." बास. पाहुण्यांना गंमत वाटते, वाटू दे. आवाजापेक्षा अचानक येणारा आवाज जास्त छळतो, असं तोच मला सांगतो. तुमच्या लग्नात कुणी त्याला आधी कल्पना दिली असती की साडेअकरा ते बारा डॉल्बी आहे, मागच्या खोलीत पंखा आहे, तिथे बस, तर कदाचित मंगलाष्टकांना तो तुमच्यामागे उभा असता.

आता लोक तुम्हाला सर्टिफिकेटचं सांगतील, म्हणून आधीच लिहिते. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांमध्ये ऑटिझम आहे, १९९५च्या जुन्यात नव्हता. पण बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागतं, आणि त्यासाठी खाजगी रिपोर्ट पुरत नाही. सरकारने नेमलेल्या रुग्णालयातून घ्यावं लागतं, तिथे 'आयसा' नावाची ४० मुद्द्यांची मोजणी करतात. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, नीट बोलणाऱ्या माणसाची त्या मोजणीत पंचाईत होते, कारण बाहेरून दिसतं तेवढंच मोजलं जातं. त्याला हवं असेल तर तो स्वतः फॉर्म भरेल. तुम्ही मित्र आहात, एजंट होऊ नका. आणि कुणी स्टेम सेलची किंवा 'मुळापासून बरं करतो' अशी जाहिरात पुढे ढकलली तर सरळ डिलीट. ऑटिझम घालवणारं औषध नाही. चिंतेवर, झोपेवर, नैराश्यावर आहेत, ती डॉक्टर देतात.

आणखी एक खुसपट. आपल्याकडे पेपरात 'स्वमग्नता' लिहितात. माझा मुलगा स्वतःत मग्न नसतो हो. तो ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरमध्ये मग्न असतो.

सदाशिव_काका · १९ मे, संध्याकाळी ७:३०

मुद्दा मान्य. पाठीवर थाप मागे घेतो. पण मराठीत शब्द हवा. स्वमग्न नको तर दुसरा सुचवा, अ‍ॅस्पर्जर काय, उच्चारताना कवळी निसटते.

नोंदवही · १९ मे, रात्री ९:५०

काका, हा शब्द तसाही पुस्तकांतून गेलाच आहे.

हान्स अ‍ॅस्पर्जर हा व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ. त्याचा लेख १९४४चा, जर्मनमध्ये, त्यामुळे बाहेर फार कुणी वाचला नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१मध्ये 'अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. त्यांची मुलगी ऑटिस्टिक होती. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम नावाची जी निदानाची पोथी आहे, तिच्यात ते १९९४ला आलं आणि २०१३च्या आवृत्तीत गेलं. सगळ्याला मिळून एकच नाव झालं, ऑटिझम स्पेक्ट्रम, आणि किती आधार लागतो त्यावरून तीन लेव्हल. लेव्हल १ म्हणजे सर्वांत कमी आधार. आधार लागतच नाही असा त्याचा अर्थ नाही, हे मात्र लोक विसरतात. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही अ‍ॅस्पर्जर वेगळा नाही.

दुसरं कारण काळं आहे. हेरविग चेक या इतिहासकाराने २०१८मध्ये जुनी कागदपत्रं बाहेर काढली. नाझी काळात अ‍ॅस्पर्जरने काही मुलांना व्हिएन्नाच्या 'आम श्पीगेलग्रुंड' इथे पाठवलं होतं. तिथे जवळपास ८०० मुलांचा जीव घेतला गेला. त्यामुळे बरेच जण ते नाव स्वतःला लावून घेत नाहीत. काही जण लावतात, कारण त्यांना ज्या दिवशी कळलं तेव्हा हेच नाव कळलं.

मित्राला हे ऐकवायला जाऊ नका. तुमच्या वर्णनावरून त्याने ते आपल्याआधी वाचलेलं असणार.

रूम_नंबर_२७ · २१ मे, सकाळी ८:१०

सगळ्यांचे आभार. उशिरा_कळलेली ताई, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. पडद्याचं वाक्य लागलं, लागायलाच हवं होतं. शीर्षक बदलता येत नाहीये.

काल रात्री त्याला लिहिलं. जसंच्या तसं देतो: 'पान ९ मी १७ तारखेला वाचलं. ९ तारखेला वाचलं नव्हतं, अंगठा खोटा होता. पार्किंगवरून तुला सहा वर्षं चिडवलं आणि चारचौघांत बोललो, ते चुकलं. हेल्मेटचा फोटो ग्रुपवरून काढू का? हो किंवा नाही सांग.'

चार मिनिटांत उत्तर. 'अंगठा खोटा होता हे माहीत होतं. १४ पानांच्या फाइलला तू ४० सेकंदांत उत्तर दिलंस. फोटोचं भेटल्यावर. फोन नको. २ जूनला नेहमीप्रमाणे.'

हे 'नेहमीप्रमाणे' समजावून सांगतो. डेक्कन क्वीन १ जून १९३०ला सुरू झाली. दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस होतो: केक, हार, बँड, पेपरवाले. आम्ही दोघं दर वर्षी जातो, पण २ जूनला. मी एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाला, "वाढदिवसाला गर्दी असते, गाडी दिसत नाही." मला वाटायचं तऱ्हेवाईकपणा. एवढी वर्षं माणूस स्वतःपुरती व्यवस्था लावत होता आणि वर मलाही त्यात जागा देत होता.

नोंदवही, तुमचा अंदाज बरोबर. मी न राहवून श्पीगेलग्रुंडचं विचारलंच. 'माहीत आहे. तरी पहिल्या दिवशी बाईंच्या तोंडून जो शब्द आला तो माझा. नंतर बदलेन कदाचित,' असं उत्तर आलं.

ठाण्याची_आई · २१ मे, सकाळी ९:००

४० सेकंद! माझा मुलगाच बोलतोय असं वाटलं. २ तारखेला काय झालं ते नक्की लिहा.

रूम_नंबर_२७ · २ जून, रात्री १०:३५

लिहितो.

७:१५ची गाडी, आम्ही पावणेसातलाच प्लॅटफॉर्मच्या मुंबईकडच्या टोकाला. तिथे माणूस नसतो, फक्त कावळे आणि एखादा गँगमन. त्याच्या कानांत छोटे नारिंगी बोळे होते. हे नवीन. म्हणाला, नव्वद रुपयांना मिळतात, सदतीस वर्षं कुणी सांगितलं नाही. मग बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. एरवी मी अशा वेळी काहीतरी बडबडतो. आज नाही बडबडलो, आणि जड गेलं नाही.

गाडी सुटल्यावर त्याने वहीत वेळ लिहिली. मग बाकावर बसून, माझ्याकडे न बघता, सलग वीस मिनिटं बोलला. ठरवून आला होता हे दिसत होतं. सगळं इथे लिहिणार नाही. माझ्या कामाचं तेवढं लिहितो.

फोटो. "ठेव. पण ग्रुपवर नको." मग मोबाइलवर तो मोठा करून दाखवला मला. "बघ, काच वर आहे. खाली घेतली असती तर आवाज आणखी कमी झाला असता. तेव्हा सुचलं नाही." मला हसावं की नाही कळेना. तो हसला, मग मी हसलो.

टाइमटेबल हे नाव त्याला आवडतं. ते त्याला येणाऱ्या गोष्टीवरून पडलंय, असं म्हणाला. भोसरीच्या कंपनीत त्याला 'रोबो' म्हणतात, ते मात्र नऊ वर्षं सलतंय. हे नाव मी आजवर ऐकलंही नव्हतं. इथे मी टाइमटेबलवरून डोकं पिकवत होतो आणि काटा भलतीकडेच.

चेष्टेबद्दल म्हणाला, चेष्टा कर, पण चेष्टा करतोयस हे सांग. खोटं गंभीर तोंड करून बोलू नकोस. आम्ही हॉस्टेलवर याच्यावर हाच प्रयोग सर्वांत जास्त केला होता. 'उद्या परीक्षा पुढे ढकलली' असं तोंड करून सांगायचं आणि हा पुस्तक मिटून झोपायचा. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. आठवलंच नव्हतं, त्याला तारखेसकट आठवतंय. त्याचीही माफी मागितली. तो म्हणाला, "त्या पेपरात मला ५८ पडले. ठीक आहे."

नंतर चहा. यावेळी मी आधीच सांगितलं: कुठे, किती वेळ, आपण दोघंच. त्याने नुसती मान हलवली. दर रविवारच्या मिसळीची वेळही बदलली. आम्ही नऊला जायचो, तेव्हा स्टीलच्या ताटल्या टबात आपटायला सुरुवात झालेली असते आणि हा कायम भिंतीकडच्या कोपऱ्यातली खुर्ची पकडायचा. मला वाटायचं पंख्यासाठी. आता साडेसातला जायचं ठरलंय, टब रिकामा असताना.

बाकी दोघांना सांगू का विचारलं. म्हणाला, तू सांगू नकोस, मीच पीडीएफ पाठवतो. त्या दोघांसाठी पान ४ महत्त्वाचं आहे.

पान ४ मी घरी येऊन वाचलं. या वेळी उत्तर द्यायला पाऊण तास घेतला.